कॉलेजातल्या मुलांना पिण्याबद्दल ऑनलाइन विचारण्याआधी

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही उपनगरातल्या एका कॉलेजात शिकवता आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघता. सहलीत दोन मुलं पिऊन आजारी पडली, एकाला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. आता प्राचार्य म्हणतात, सगळ्यांकडून ऑनलाइन फॉर्म भरून घ्या, कोण किती पितं ते कळू दे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मुलं खरं सांगतील का, कुठली प्रश्नावली वापरू, आणि ज्यांचे गुण जास्त येतील त्यांचं पुढे काय करू.

मी व्यसनमुक्तीच्या कामात बावीस वर्षं आहे, त्यातली अकरा मुंबईतल्या कॉलेजच्या मुलांबरोबर गेली. तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण उत्तर तिथूनच सुरू करावं लागेल. प्रश्नावली शोधणं हे एका संध्याकाळचं काम आहे. मुलाने शेवटचं बटण दाबल्यावर त्याला काय दिसणार, त्याचं उत्तर कोण वाचणार आणि कोणाच्या हाती ते कधीच पडणार नाही, हे आधी ठरलं पाहिजे. मुलं खरं सांगतील की नाही, तेही यावरच अवलंबून असतं.

एका कॉलेजात काय झालं ते सांगते. तिथे फॉर्मवर हजेरी क्रमांक मागितला होता. पहिल्या वर्षी मुलांनी भाबडेपणाने खरं लिहिलं. ती यादी कार्यालयात गेली आणि सात-आठ मुलांच्या घरी फोन गेले. एका मुलाच्या वडिलांनी त्याला चाळीच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत मारलं. पुढच्या वर्षी तोच फॉर्म पुन्हा फिरला, तेव्हा साडेचारशे मुलांपैकी एकानेही पितो असं लिहिलं नाही. कॉलेजने अहवालात लिहिलं की उपक्रमाला यश आलं. मला मात्र एवढंच कळलं की त्या कॉलेजातलं एकही मूल आता मदत मागायला येणार नाही. पुढची तीन वर्षं खरंच कोणी आलं नाही.

म्हणून प्राचार्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगा, की कोण किती पितं हे कॉलेजला कळणार नाही. कॉलेजला फक्त एकूण आकडे मिळतील, तेही वर्गवार न फोडता, कारण पंधरा मुलांच्या वर्गात दोनजण पितात असं म्हटलं की ते दोघे कोण हे दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कायद्याचा धाकही लक्षात घ्या. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. पदवीची बहुतेक मुलं त्या आतली आहेत. एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, मुलाने ‘पितो’ असं लिहिणं म्हणजे त्याच्या लेखी स्वतःच्या हाताने कबुलीजबाब देणं आहे. आणि अकरावी-बारावीची मुलं याच आवारात असतील तर त्यांना या फेरीत घेऊच नका. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही तसंच आहे. त्यांच्यासाठी वेगळं काम करावं लागतं, ते आमनेसामने.

गूगल फॉर्म वापरणार असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना, ते स्वतः तपासा. कॉलेजच्या ईमेलने लॉगिन करा असा संदेश आला की मुलं तिथेच मागे फिरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्याला बोलायचं असेल त्याने शेवटी स्वतःहून मोबाइल क्रमांक द्यावा, तोही दुसऱ्या, वेगळ्या फॉर्मवर. म्हणजे उत्तरं आणि क्रमांक एकाच तक्त्यात कधी येत नाहीत.

आता प्रश्नावली. ‘ऑडिट’ या नावाने ओळखली जाणारी दहा प्रश्नांची चाळणी वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने ती सहा देशांत तपासून तयार केली आणि १९९३ साली ती प्रसिद्ध झाली. एकूण गुण ४०. पहिले तीन प्रश्न किती वेळा आणि किती पिता याचे, पुढचे तीन पिण्यावरचा ताबा सुटल्याच्या खुणांचे, शेवटचे चार झालेल्या नुकसानाचे. ८ पासून पुढे जोखीम धरतात, १६ पासून पुढे प्रत्यक्ष हानी, २० पासून पुढे दारूवर शरीर अवलंबून असल्याची शक्यता. फक्त पहिल्या तीन प्रश्नांची छोटी आवृत्तीही चालते. तिचे गुण १२ पैकी, आणि मुलींना ३, मुलांना ४ मिळाले की उरलेले सात प्रश्न पुढे करायचे. मी असंच करते, कारण न पिणाऱ्या मुलाला दहा प्रश्न विचारत बसलं की तो वैतागतो.

भाषेकडे मात्र फार बारकाईने बघा. ‘आपण मद्यपान करता का’ असं विचारलंत तर अर्धी मुलं प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील. ‘मी दारू नाही पीत, फक्त बिअर घेतो’ हे वाक्य मी शेकड्याने ऐकलं आहे. त्यांच्या लेखी बिअर म्हणजे दारू नव्हेच. ती गोड चवीची बाटलीतली रंगीत पेयं तर नाहीच नाही. म्हणून आम्ही लिहितो: बिअर, वाइन, व्हिस्की, रम, व्होडका, ब्रीझर, देशी, ताडी, यांतलं काहीही. शीर्षकात ‘व्यसन’ हा शब्द नको, ‘नशा’ही नको. ‘बसायचं का’ हे ज्याला कळतं त्या मुलाला ‘व्यसनमुक्ती सर्वेक्षण’ हे आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. त्याच्या डोळ्यासमोर व्यसनी म्हणजे स्टेशनबाहेर पडलेला माणूस असतो.

दुसरी अडचण मापाची. या प्रश्नावलीत ‘एक ड्रिंक’ म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्या मुलांचा हिशोब पेग, क्वार्टर आणि बाटलीत चालतो. तेव्हा चित्रं काढून सांगा: ३० मिलीचा पेग म्हणजे एक माप, ६० मिलीचा म्हणजे दोन. ६५० मिलीची साधी ५ टक्क्यांची बिअर म्हणजे अडीच मापं. तीच बाटली ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची असेल तर चार. आणि क्वार्टर, म्हणजे १८० मिली व्हिस्की किंवा रम, सहा मापं. ‘मी तर एक क्वार्टरच मारतो’ म्हणणाऱ्या मुलाला ते सहाचं चित्र दाखवलं की तो गप्प होतो. माझ्या अनुभवात अख्ख्या फॉर्ममध्ये सगळ्यात परिणाम करणारी गोष्ट ती पेग-बाटल्यांची चित्रंच आहेत. आपण किती पितो हे त्याला तोवर कोणी मोजून दाखवलेलं नसतं.

गुणांची बेरीजही नुसती वाचू नका. दोन उदाहरणं घ्या, दोन्हीत ९ गुण. पहिला मुलगा महिन्यातून एकदाच पितो, पण बसला की क्वार्टर आणि वर मित्राच्या स्ट्राँग बिअरमधली अर्धी. म्हणजे एका बैठकीत आठ मापं. वर्षात एक-दोन वेळा रात्रीचं काही आठवत नाही आणि दर महिन्याला दुसऱ्या दिवशीची प्रॅक्टिकल बुडतात. दुसरी मुलगी महिन्यात दोनदा मैत्रिणींबरोबर एक साधी बिअर पिते, त्यापुढे कधी नाही. पण एकदा आईला कपड्यांना वास आला, घरात रडारड झाली, तेव्हापासून दर महिन्याला तिला अपराधी वाटतं. दहावा प्रश्न आहे, तुमच्या पिण्याबद्दल घरच्यांनी किंवा मित्रांनी काळजी व्यक्त केली का. वर्षभरात केली असेल तर एकदम ४ गुण. मराठी घरात मुलीच्या एका बाटलीवरूनही आभाळ कोसळतं. ती प्रश्नावली ज्या सहा देशांत तपासली त्यांत भारत नव्हता. या दोघांना एकच संदेश पाठवणं चूक आहे. त्या मुलाच्या जिवाला त्या एका रात्री धोका आहे. त्या मुलीला बहुधा आईशी बोलायला कोणीतरी मदत करायला हवी.

म्हणून गुण कुठल्या प्रश्नांतून आले ते बघून संदेश ठरवा. आम्ही चार-पाच संदेश तयार ठेवतो आणि उत्तरांच्या जुळणीवरून त्यांतला योग्य तो दिसतो. हे करायला कॉलेजातलाच संगणकशास्त्राचा एखादा विद्यार्थी पुरे, मात्र त्याला खऱ्या उत्तरांना हात लावू देऊ नका.

तुम्ही विचाराल की नुसत्या ऑनलाइन फॉर्मने पिणं कमी होतं का. थोडंसं होतं. वेबवरून किंवा फोनवरून दिलेल्या सल्ल्यांच्या अनेक चाचण्या एकत्र करून कोक्रेन या संस्थेने २०१७ साली जो आढावा काढला, त्यात आठवड्याला सरासरी २३ ग्रॅम अल्कोहोल कमी झालेलं दिसलं. आपल्या मापात दोन पेगांहून थोडं जास्त. न्यूझीलंडच्या सात विद्यापीठांतली एक मोठी चाचणी २०१४ साली छापून आली. तिथे दहा मिनिटांच्या आतल्या ऑनलाइन तपासणीने मुलं एका बैठकीत किंचित कमी प्यायली, पण किती वेळा पितात आणि अभ्यासात काय अडचणी येतात यांत फरक पडला नाही. तेव्हा फॉर्मकडून फार अपेक्षा ठेवू नका. माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. आजवर कोणाशीच न बोललेल्या मुलाला तो पहिल्यांदा, एकांतात, स्वतःशी खरं बोलायला लावतो. त्या क्षणी शेजारी एखादं माणूस उपलब्ध असलं, तर काही घडू शकतं.

‘सगळेच पितात’ या समजाबद्दलही एक शब्द. ही समजूत मुलांत घट्ट आहे, पिणाऱ्यांच्या टोळक्यात तर फारच. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटात दारू घेणारे १४.६ टक्के निघाले, पुरुषांत २७.३ आणि स्त्रियांत १.६. म्हणजे पुरुषांतसुद्धा न पिणारेच जास्त. हा आकडा मी दाखवते, पण त्यावर फार भिस्त ठेवत नाही, कारण मुंबईतला वीस वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘ते अख्ख्या देशाचं, आमच्या ग्रुपचं सांगा.’ पहिल्या फेरीनंतर तुमच्याच कॉलेजचा एकूण आकडा हाती आला की तो दाखवा, तो जास्त लागतो. मुलींपैकी जी घेते ती हे आकडे वाचून आणखी एकटी पडू शकते. तिच्या संदेशात तो आकडा टाकू नका.

संदेशात यकृत आणि कॅन्सर यांवर भर दिलात तर मुलं वाचणारच नाहीत. वीसाव्या वर्षी यकृत कोणाला आठवतं? त्यांना लागतात त्या गोष्टी जवळच्या आहेत. महिन्याला किती पैसे जातात ते त्यालाच भरू द्या आणि बाराने गुणून दाखवा. बुडालेली प्रॅक्टिकल, जिममध्ये न उचललं जाणारं वजन, रात्री दोन वाजता पाठवलेला आणि सकाळी पुसता न आलेला संदेश, मित्राला मागे बसवून चालवलेली स्कूटर. मग एक प्रश्न: ‘यातलं काय बदलावंसं वाटतं?’ उत्तर त्यालाच निवडू द्या. कोणी म्हणेल क्वार्टर सोडून बिअरवर येतो, कोणी म्हणेल परीक्षेपर्यंत बंद. पहिल्याला मी मापांचा हिशोब पुन्हा दाखवते, कारण दोन स्ट्राँग बिअर म्हणजे आठ मापं, क्वार्टरपेक्षा जास्तच.

आता माणसाबद्दल, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे. मुंबईत मुलाला फोनवर बोलायला जागा कुठे आहे? एका खोलीत पाच माणसं, भिंतीपलीकडे काकू. माझ्याशी मुलं जिन्यात बसून बोलली आहेत, गच्चीच्या टाकीमागून बोलली आहेत, एक मुलगा दर गुरुवारी दिवा स्टेशनच्या फलाटाच्या अगदी टोकाला उभं राहून बोलायचा आणि गाडी आली की मध्येच थांबायचा. म्हणून लिहून बोलण्याची सोय हवीच. गर्दीच्या डब्यात उभ्या उभ्या लिहिता येतं, शेजारच्याला कळत नाही. उत्तर कधी मिळेल ते आधीच लिहा, आणि लिहिलं तेवढ्या वेळात द्याच. २४ तास म्हटलं तर २४ तास.

इथे माझीच एक चूक सांगते. पहिल्या वर्षी आम्ही फॉर्मच्या शेवटी एक मोकळी चौकट ठेवली होती, ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ आणि खाली, वाटलं तर, क्रमांक. एका शुक्रवारी रात्री एका मुलीने त्यात लिहिलं की वडील पिऊन येतात, आज घरी जायची भीती वाटते. आम्ही ती चौकट मंगळवारी उघडली. तिने क्रमांक दिला होता म्हणून तिच्यापर्यंत पोचता आलं, ती मावशीकडे गेली होती आणि सुखरूप होती. पण तिने सांगितलं ते अजून कानात आहे: ‘मला वाटलं कोणीतरी वाचेल.’ तेव्हापासून रोज वाचणारं माणूस नसेल तर मोकळी चौकट ठेवायची नाही, असा आमचा नियम आहे. आणि बटणानंतरच्या पहिल्याच पानावर, गुणांच्याही वर, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं.

त्या मुलीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. फॉर्म भरणाऱ्यांत ‘मी पीत नाही’ म्हणणारे सगळ्यात जास्त असणार. त्यांना ‘धन्यवाद’ म्हणून बाहेर काढू नका. एक प्रश्न जोडा: घरातल्या कोणाच्या पिण्याचा तुम्हाला त्रास होतो का? माझ्याकडे बोलायला आलेल्या मुलांत स्वतःच्या पिण्यापेक्षा वडिलांच्या पिण्याबद्दल बोलणारी जास्त निघाली. पगाराच्या दिवशी दारातून कसा आवाज येतो यावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखणारी मुलं आहेत ही. त्यांतली काही न पिण्याची शपथ घेतलेली असतात, काही वडिलांसारखीच बसायला लागलेली असतात, आणि दोघांनाही वाटतं की असं घर फक्त आपलंच आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, त्यांची माहिती या मुलांच्या पानावर द्या. त्या एका प्रश्नासाठी तरी हा सगळा खटाटोप करावा असं मला वाटतं.

समुपदेशक एकच असेल तर एकदम सगळ्या कॉलेजला फॉर्म पाठवू नका. हजार मुलांनी भरला आणि शंभरातल्या पाचांनी जरी बोलायचं म्हटलं, तरी पन्नास मुलं होतात. एका माणसाला ती महिनाभर पुरतील. तोवर बाकीचे थांबून कंटाळतील आणि पुन्हा येणार नाहीत. एकेक शाखा घ्या, दोन-दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. आणि समुपदेशक म्हणजे डॉक्टरच हवा असं नाही. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून पिणाऱ्या पुरुषांना समुपदेशन दिलं. त्या चाचणीचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आले. ऑडिटवर १२ ते १९ गुण असलेले ते पुरुष होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जोखमीच्या रेषेखाली आले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. ते कॉलेजचे विद्यार्थी नव्हते आणि ते काम ऑनलाइनही नव्हतं, म्हणून जसंच्या तसं आपल्याला लागू करता येणार नाही. पण नीट शिकवलेलं, ऐकून घेणारं माणूस काय करू शकतं ते त्यात दिसतं. तुमच्या मानसशास्त्र विभागातली एखादी शिक्षिका यासाठी तयार होऊ शकेल, मात्र ती त्या मुलांचे पेपर तपासणारी नसावी.

२० च्या पुढचे गुण कॉलेजच्या वयात कमी दिसतात, पण दिसतात. सकाळी हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय घाम थांबत नाही, असं लिहिणारा मुलगा असेल तर त्याला ‘आजपासून बंद कर’ असं चुकूनही सांगू नका. शरीर दारूवर अवलंबून असताना ती एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. त्याला डॉक्टरच्या देखरेखीत, औषधं देऊन सोडवावं लागतं. केईएम, नायर, सायन, जेजे या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, खर्च आवाक्यातला असतो. अडचण असते ती पहिल्या दिवसाची. केस पेपरच्या रांगेत एकट्याने उभं राहायचं, आणि पुढे ‘मानसोपचार’ची पाटी. त्या दिवशी कोणीतरी बरोबर जा. मी गेले आहे, प्रत्येक वेळी. पुढे गटाचा आधार हवा असेल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभा मुंबईत होतात, वांद्र्यात कृपा फाउंडेशन आहे, आणि राहून उपचार घ्यायचे तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे.

सहलीच्या प्रसंगाबद्दल तुम्ही लिहिलंत की त्या रात्री बाकीच्या मुलांनी दोन तास तुम्हाला कळवलंच नाही. हे मला सगळ्यात काळजीचं वाटलं. त्यांनी लिंबूपाणी पाजलं, थंड पाणी ओतलं, कॉफी दिली. शरीर तासाला साधारण एकच माप जाळतं, कॉफीने ते लवकर होत नाही. आणि बेशुद्धीकडे चाललेल्या मुलाला काहीही पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर झोपवायचं, एकटं सोडायचं नाही, आणि हाका मारून उठत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळे पडत असतील तर १०८ ला फोन करायचा. मुलांना हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कारवाईच्या भीतीने त्यांनी तुम्हाला उठवलं नसतं. म्हणून प्राचार्यांकडून एक ओळ लेखी घ्या: अडचणीत असलेल्या मित्रासाठी मदत मागणाऱ्यावर आणि त्या मित्रावर, त्या प्रसंगापुरती, शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. फॉर्मपेक्षाही ही ओळ आधी घ्या.

गटारी, ३१ डिसेंबर, धुळवड आणि कॉलेजचा फेस्टिव्हल या चार वेळा आम्ही स्वतःहून नाव नोंदवलेल्या मुलांना संध्याकाळी पाचच्या सुमारास चार ओळी पाठवतो. आज नाही घेतलीत तर उत्तम. घेणारच असाल तर आधी जेवा. मापं मोजा. गाडीची किल्ली न पिणाऱ्याकडे द्या. शेवटच्या लोकलच्या दारात उभे राहू नका. एका प्राचार्यांनी मला विचारलं होतं, ‘हे म्हणजे परवानगी दिल्यासारखंच नाही का?’ मी त्यांना म्हटलं, ‘सर, पिणारी मुलं तुमची परवानगी मागत नाहीत. पण घरी कसं पोचायचं हे त्यांना कोणी सांगितलं तर ती ऐकतात.’ त्यांना ते पूर्ण पटलं नाही. त्यांनी संदेश पाठवू दिले, खाली कॉलेजचं नाव मात्र नको म्हणाले. माझी त्याला हरकत नव्हती.

आत्ताच्या आत्ता सगळ्यांकडून भरून घेऊ नका, असंही सांगेन. सहलीचा प्रसंग ताजा आहे, त्यामुळे या आठवड्यात आलेला फॉर्म मुलांना चौकशीच वाटेल. महिनाभर जाऊ द्या. तोवर माणूस तयार करा, ती लेखी ओळ मिळवा, संदेश लिहा. आणि पहिल्या शाखेला पाठवण्याआधी तुम्ही स्वतः तो फॉर्म मोबाइलवर भरून बघा, संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून. शेजारी उभी असलेली बाई तुमच्या स्क्रीनकडे बघते तेव्हा ज्या प्रश्नाला तुमचा अंगठा थबकेल, तो प्रश्न पुन्हा लिहा.